आकसाचा तपशील

कोलकात्यात मराठी घरं मोजकी. त्यामुळे लग्नाच्या चौकशीचे फोन फिरून फिरून त्याच दोन-तीन घरांत येतात. पुण्यात मुलाची माहिती काढायची तर मुलीच्या बापाला अख्खी गल्ली मोकळी असते. शेजारी आहेत, वाणी आहे, शाळेतल्या बाई आहेत, एकाचं पटलं नाही तर दुसऱ्याला विचारता येतं. इथं तशी सोय नाही. सांगली-साताऱ्याकडच्या माणसाला कोलकात्याचं स्थळ आलं की तो ओळखीतून ओळख काढत आमच्या मंडळापाशी पोचतो, आणि मंडळातला कोणीही त्याला एकच नंबर देतो. श्यामलाताई प्रधानांचा.

श्यामलाताई बँकेतून निवृत्त झाल्या. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, त्यामुळे स्थळाबद्दलही त्या तशाच बोलतात. आधी जमेची बाजू, मग नावेची, आणि शेवटी एका वाक्यात शिफारस. त्यांच्या शब्दावर आमच्यातली कितीतरी लग्नं झाली आणि काही झाली नाहीत. न झालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पुढं त्यांचे आभार मानले. मनोहर देवस्थळींनी मात्र त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला.

दोघं राहतात एकाच इमारतीत, लेक गार्डन्सला. श्यामलाताई चौथ्या मजल्यावर, त्यांच्या डोक्यावर गच्ची. देवस्थळी दुसऱ्यावर. मधल्या मजल्यावर मी, म्हणजे दोन्हीकडचं ऐकू येईल असा. मनोहरराव खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये होते. दुसऱ्याची पेटी उघडून आत काय आहे ते पाहण्यात त्यांची हयात गेली. स्वतःची उघडून दाखवायची वेळ कधी आली नाही. माणूस स्वच्छ, मदतीला धावणारा, कुणाचा एक पैसा न खाल्लेला. पण त्यांच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस मी पाहिलेला नाही. वाद संपायचा तो समोरचा जेवायला घरी गेला म्हणून.

त्यांचा मुलगा केयूर सेक्टर फाइव्हला एका आयटी कंपनीत नोकरी करतो. सांगलीच्या आपट्यांची देवयानी पुण्यात नोकरीला. दोघांची ओळख वेबसाइटवर झाली, मग भेटी झाल्या, मग दोघं रोज इतकं बोलायला लागले की त्याच्या आईनं, मीनावहिनींनी, दिवाळीच्या आतच पैठणी बघायला सुरुवात केली. उरली होती फक्त चौकशी, तीही रीत म्हणून. आपट्यांनी श्यामलाताईंना फोन केला. त्या काय बोलल्या ते त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि पुढं कोर्टातही अक्षरशः तेच कबूल केलं:

"मुलगा सोन्यासारखा. आई साधी, प्रेमळ. घर खाऊनपिऊन सुखी. वडील सज्जन आहेत, पण मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, त्यांच्या तोंडून 'माझं चुकलं' हे शब्द एकदाही ऐकलेले नाहीत. मुलगी त्या घरात राहणार असेल तर तेवढं लक्षात घ्या. बाकी स्थळ उत्तम."

आपट्यांनी लक्षात घेतलं. आठवड्याभरात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. देवयानीनं केयूरला खरं कारण सांगितलं. तिचे आजोबा तसेच होते. तिच्या वडिलांनी आपल्या आईला जन्मभर न केलेल्या चुकांची माफी मागताना पाहिलं होतं, आणि मुलीला तसल्या घरात द्यायचं नाही, ही एकच अट त्यांनी मनाशी धरली होती.

केयूरनं हे जेवताना सांगितलं. मीनावहिनींकडून मला कळलं ते असं.

"मी?" मनोहरराव म्हणाले. "मी चुकलं म्हणत नाही?"

"कधी म्हणालात ते आठवा," वहिनी म्हणाल्या. "मी ऐकते."

"चुकलोच नाही तर म्हणू कशाला?"

केयूर म्हणाला, "बाबा, तुम्ही वर जाऊन प्रधानमावशींशी एकदा बात करा ना."

"मी जाऊ? त्या बाईनं यायला पाहिजे खाली. लेखी माफी घेऊन."

लेखी माफी आणि नुकसानभरपाईचा एक रुपया, एवढ्याच मागण्या दाव्यात होत्या. मनोहररावांना पैसा नको होता. त्यांना कागद हवा होता. केयूरनं आणखी एकदा सांगून पाहिलं, "बाबा, मला केस नको, देवयानी पाहिजे." त्यावर त्यांनी त्याला समजावलं की केस जिंकली की आपट्यांना निकालाची प्रत पाठवता येईल. बाप किती गुणी आहे हे कोर्टाच्या शिक्क्यासह सिद्ध झाल्यावर कोण नाही म्हणेल?

श्यामलाताईंची कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आली तेव्हा मनोहरराव मला अलीपूर कोर्टात वकिलांकडे घेऊन गेले. "दामले, तुम्ही ऑडिटमधले. कागदात काय लपवलंय ते तुम्हाला दिसेल." कैफियतीत काही लपवलेलंच नव्हतं. हे शब्द मी बोलले, मान्य. मुलीच्या वडिलांनी विचारलं म्हणून बोलले. जे वाटतं ते प्रामाणिकपणे सांगितलं. सगळं मिळून दीड पान.

वकील होते प्रणवेश लाहिरी. ते कागद दोनदा वाचून चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मोशाय, या बाईंनी तुमची केस संपवली." ते हिंदी बोलायचे, पण मधूनमधून बंगाली सांडायचं. त्यांनी आम्हाला शांतपणे समजावलं. मुलीचा बाप म्हणजे विचारायचा हक्क असलेला माणूस. त्यानं विचारलं, आणि ओळखीच्या माणसानं मनापासून उत्तर दिलं, तर कायदा त्याला संरक्षण देतो. नाहीतर या देशात एकही लग्न ठरणार नाही.

"म्हणजे काही उपाय नाही?" मनोहरराव म्हणाले.

"एक आहे. बाई आकसानं बोलल्या असं दाखवलंत तर ते संरक्षण जातं. पण तुमच्या दाव्यात आकस हा शब्दच नाही. दुरुस्ती करावी लागेल."

"करा की. आकस आहेच. त्या बाईच्या मनात पहिल्यापासून माझ्याबद्दल आकस आहे."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे?"

"आकस हवेतून येत नाही, देवस्थळीबाबू. जज्जसाहेब विचारतील, या बाईंनी तुमच्यावर का म्हणून राग धरावा? तुम्ही त्यांचं काहीतरी केलं असणार. काय केलंत, कधी, कुणासमोर, त्याचा तपशील द्यायचा." लाहिरीबाबूंनी चहाचं मातीचं भांडं बाजूला ठेवलं. "आणि सगळं एकदम आणा. हे एक विसरलं होतं म्हणून पुन्हा पुन्हा दुरुस्ती कोणी देत नाही."

बाहेर आल्यावर टॅक्सीवाल्यानं सांगितलेलं भाडं मनोहररावांनी वाद न घालता कबूल केलं. त्यांच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट. टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, "मी काय केलंय हो त्यांचं?"

मी म्हटलं, "वहिनींना विचारू."

मीनावहिनींना विचारणं म्हणजे धरणाचा दरवाजा उघडणं. त्यांनी आम्हाला पोहे दिले, पदर खोचला आणि समोर बसल्या. इतकी वर्षं ज्या गोष्टी बोलायची सोय नव्हती, त्या आता नवऱ्याच्याच केसला हव्या होत्या.

"नारळ लिहिलेत का?"

"कुठले नारळ?"

"सियालदहच्या बाजारातले. गणपतीचे."

ते मंडळात सगळ्यांना ठाऊक आहे. श्यामलाताईंनी पहाटे जाऊन पोतंभर नारळ निवडून आणले होते. मनोहररावांनी एक कानाशी हलवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, सुके निघणार, बाईमाणसाला घाऊक बाजारातलं काय कळतंय. मग ते सिद्ध करायला एक फोडला. चांगला निघाला. दुसरा फोडला, तोही चांगला. असं करत करत आरतीच्या आधीच निम्मं पोतं फुटलं आणि सगळंच्या सगळं पांढरंशुभ्र. शेवटी हात पुसत म्हणाले, "नशीब चांगलं आहे बाईंचं." त्या वर्षी मंडळात नारळाच्या वड्या संपता संपेनात.

मनोहररावांनी मला लिहायला सांगितलं: 'वादीने प्रतिवादीने निवडलेल्या नारळांविषयी काही शंका व्यक्त केली.' मी लिहिलं. माणसाला आपल्या शब्दात बोलू द्यावं. कात्री लावायला पुढं वकील बसलेलेच होते.

"माशांचा वास," वहिनी म्हणाल्या.

हा इमारतीच्या सभेतला प्रसंग. जिन्यात इलिशचा वास येतो आणि तो प्रधानांच्या घरातून येतो, अशी तक्रार मनोहररावांनी मांडली आणि ती इतिवृत्तात नोंदवायला लावली. प्रधान मासे खाणारे, हे खरं. पण ते सगळे दिवस श्यामलाताई ठाण्याला भावाकडे होत्या आणि घराला कुलूप होतं. वास तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याच्या स्टोव्हचा होता. हे कळल्यावर मनोहररावांचं म्हणणं एवढंच की, त्या घरी असत्या तर त्यांच्याकडूनही आला असता.

यावर केयूर आतून बाहेर आला आणि खुर्ची ओढून बसला. "बाबा, बजबजवाली पिकनिक मी सांगू?"

"तू तेव्हा किती होतास?"

"चलण्याएवढा होतो. तेवढंच याद आहे, आपण खूप चाललो."

मंडळाची सहल बजबजला नदीकाठी. लोकलमध्ये सगळी मंडळी, डबे, सतरंज्या. मनोहरराव प्रमुख. एका स्टेशनवर त्यांनी सगळ्यांना उतरवलं. श्यामलाताई दारात उभ्या राहून सांगत होत्या, मनोहरराव, हे नव्हे, बजबज शेवटचं स्टेशन, गाडी थांबल्याशिवाय राहणार नाही. ते म्हणाले, ज्यांना प्रमुख व्हायचंय त्यांनी पुढच्या वर्षी व्हावं. गाडी गेली. मग मंडळी उन्हातून, ज्यूट मिलच्या लांबच लांब भिंतीकडेनं, श्रीखंडाचे डबे डोक्यावर घेऊन चालत गेली. सबंध वाटेत मनोहरराव एकच सांगत होते, की नदी इथूनच जवळ आहे.

"ते स्टेशन बरोबर होतं," मनोहरराव म्हणाले.

"अहो, मग आकस कसा होईल?" वहिनी म्हणाल्या.

हीच अडचण लाहिरीबाबूंनाही आली. त्यांनी आमचा इंग्रजीतला कच्चा मसुदा वाचला आणि लाल पेन काढलं. "नारळांविषयी शंका व्यक्त केली, एवढ्यावर कुणी जन्मभर राग धरतं? नारळ खराब होते का?"

"नाही."

"मग लिहा, विनाकारण. आणि सगळ्यांसमोर. बाईमाणूस असा उल्लेख केलात तेही घाला, ते फार उपयोगी आहे." त्यांनी पुढचं वाचलं. "'वादीने काही मंडळींना एका स्थानकावर उतरवले, जे पुढे सोयीचे ठरले नाही.' हे काय आहे? स्टेशन चूक होतं की बरोबर?"

मनोहरराव माझ्याकडे बघू लागले. मी खिडकीबाहेर बघू लागलो.

"देवस्थळीबाबू, नीट ऐका. तुम्ही बरोबर होतात तर बाईंना रागवायचं कारण नाही. राग नाही तर आकस नाही. आकस नाही तर केस नाही. आता ठरवा, स्टेशन कसं होतं?"

मनोहररावांनी घसा साफ केला. "चूक धरून चाला," ते म्हणाले.

अशा रीतीनं एकेक परिच्छेद होत गेला. दुरुस्तीचा मजकूर लाल रंगात दाखवायचा असतो. मूळ दावा काळा, नेटका, अकरा परिच्छेदांचा. त्यात अकराच्या पोटात अकरा-अ, अकरा-ब असं लाल लाल वाढत गेलं. एका बाजूला बाईंनी केलेली एका वाक्याची बदनामी आणि दुसऱ्या बाजूला वादीनं त्यांचं काय काय केलं त्याची पानं. हिशेबाच्या सवयीनं मी मनातल्या मनात बेरजा करून पाहिल्या. खातं कुणाच्या नावावर चाललंय ते मला दिसत होतं. मनोहररावांना दिसत नव्हतं. उलट त्यांना हुरूप आला होता. जिन्यात भेटले की म्हणायचे, "दामले, आणखी एक आठवलं. बाई माझ्यावर चिडणारच हो. मी असतो तर मीही चिडलो असतो." वहिनींनी पैठण्यांची पानं पुन्हा बघायला सुरुवात केली होती, असं केयूर म्हणाला.

मसुदा पुरा झाला असं वाटलं त्या दुपारी मी दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो. वहिनी मटार सोलत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "विश्वासरावांच्या दिवसाचं लिहिलंत?"

मनोहरराव मसुद्याची पानं जुळवू लागले.

विश्वासराव म्हणजे श्यामलाताईंचे यजमान. ते गेले तो दिवस कोजागिरीचा. मी त्या वेळी बदलीवर गुवाहाटीला होतो, त्यामुळे मला ऐकूनच माहीत. सकाळी केवडातला स्मशानात विधी झाले. संध्याकाळी आमच्याच इमारतीच्या गच्चीवर मंडळाचा कार्यक्रम ठरलेला होता. मनोहरराव कार्यवाह. लोक विचारत होते, काय करायचं? ते म्हणाले, विश्वासराव हौशी माणूस, त्यांना कार्यक्रम रद्द झालेला आवडला नसता. कार्यक्रम झाला. दूध, भेंड्या, पेटी, सगळं. आणि गच्चीच्या बरोबर खाली, चौथ्या मजल्यावर, श्यामलाताई.

"ते नको," मनोहरराव म्हणाले. "त्यात माझा काही स्वार्थ नव्हता. मंडळासाठी केलं."

"दूध मी आटवलं होतं," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मी वर गेले. त्या दारात उभ्या होत्या. मला म्हणाल्या, मीना, काल गाणी छान झाली. एवढंच. मला आत ये म्हणाल्या, चहा दिला."

"हे तू मला कधी बोलली नाहीस."

"बोलले असते तर काय म्हणाला असतात?"

काय म्हणाले असते ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मनोहरराव उठले आणि बाल्कनीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागले. कुंड्यांना सकाळीच पाणी घालून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी अलीपूरला ते मला न घेता गेले. मी मागाहून पोचलो तेव्हा ते टायपिस्टशेजारच्या स्टुलावर बसले होते आणि स्वतः सांगत होते, इंग्रजीत, थांबत थांबत. शेवटचा परिच्छेद लाहिरीबाबूंनी उभ्याउभ्याच वाचला. लाल पेन त्यांच्या हातात होतं. ते टोपण लावून त्यांनी खिशात ठेवलं. मग प्रतिज्ञापत्र झालं, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, आणि मनोहररावांनी पानापानावर सही केली.

अर्जाची प्रत श्यामलाताईंना मिळाली त्या संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं.

"दामले, बसा आणि मोठ्यानं वाचा. मी वाचलंय. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय."

मी वाचू लागलो. नारळांना त्या हसल्या. माशांच्या वासाला म्हणाल्या, "इतिवृत्तात अजून तसंच आहे ते, बरं का. माझ्या नावानं इलिश." सहलीला त्यांनी डोळ्यांतलं पाणी पुसलं, हसून आलेलं. "श्रीखंड नव्हतं, बासुंदी होती. सांडली ना सगळी विहंग कर्णिकांच्या धोतरावर. दुरुस्त करायला सांगा." अशी त्यांनी दोन-तीन ठिकाणं सुधारली. वादीच्या अपराधांत त्यांना ढिलाई चालत नव्हती.

मग मी शेवटचा वाचला. त्यात पाच वाक्यं होती. विश्वासराव प्रधान यांच्या निधनाच्या दिवशी वादीने प्रतिवादीच्या घरावरच्या गच्चीत गाण्याचा कार्यक्रम होऊ दिला. तो थांबवणे वादीच्या हातात होते. अनेकांनी तसे सुचवले होते. वादीने प्रतिवादीला विचारले नाही. या कारणासाठी प्रतिवादीच्या मनात वादीविषयी राग असणे स्वाभाविक आहे.

श्यामलाताईंनी ते पान माझ्याकडून मागून घेतलं. खाली रस्त्यावर रिक्षाचा भोंगा वाजत होता.

"हे वकिलानं लिहिलं?"

"नाही. स्वतः सांगितलं टायपिस्टला. मी पाहिलं."

त्या उठल्या, चहा टाकला, चहा झाला, दोन कप आले. मग म्हणाल्या, "राग नव्हता हो दामले. राग असता तर बरं झालं असतं, एकदा भांडून संपवला असता." त्यांच्या वकिलाचा फोन आला तेव्हाही मी तिथंच होतो. तो म्हणत होता, कडक हरकत घेऊ, ही सगळी नवीनच गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, "हरकत नाही आमची. सगळं खरं आहे. फक्त बासुंदी करून घ्या."

सुनावणीला जज्जसाहेबांनी लाल परिच्छेद सगळे वाचले. मधे एकदा त्यांनी ओठांवर रुमाल धरला. मग लाहिरीबाबूंना विचारलं, "आपल्या पक्षकाराची मागणी काय आहे?"

"लेखी माफी, सर."

"कुणी कुणाची? वाचून माझा जरा गोंधळ झाला."

दुरुस्ती मंजूर झाली. समोरून हरकतच नव्हती. पुढची तारीख देताना साहेब म्हणाले, तोवर दोन्ही पक्षांनी हे कागद घरी निवांत वाचावेत.

बाहेर झाडाखाली चहावाला आहे, तिथं आम्ही थांबलो. मनोहरराव, मी, आणि सुट्टी टाकून आलेला केयूर. श्यामलाताई पर्स सांभाळत पायऱ्या उतरल्या आणि सरळ आमच्याकडे आल्या.

"मनोहरराव, माझी पंचाईत केलीत तुम्ही."

"आता काय झालं?"

"मी सांगलीला सांगितलं होतं, हा माणूस चुकलं म्हणत नाही. तुम्ही शपथेवर पानंच्या पानं लिहून दिलीत. माझी माहिती खोटी पडली. मला फोन करून सुधारायला नको?"

केयूरनं चहा खाली ठेवला.

मनोहररावांचा चेहरा उजळला. मग कस्टम्समधला माणूस जागा झाला. "एक मिनिट. त्यात 'चुकलं' असं कुठं आहे? मी घटना लिहिल्यात. तपशील आहे तो."

"बाबा," केयूर म्हणाला.

"नाही, पण कागदावर जे आहे ते आहे."

"बरोबर आहे तुमचं," श्यामलाताई म्हणाल्या. "नाहीये तो शब्द. मीही कालपासून शोधतेय. मग मला फोन करता येणार नाही. चौकशीला मी खोटं सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे." त्यांनी चहावाल्याकडे हात केला. "एक चा देबेन, दादा. घाई नाही मला. माझी गाडी यायचीय."

केयूर बापाकडे बघत होता. मनोहरराव भांड्यातल्या चहाकडे बघत होते. पोर तिशीला आलेलं, समोर उभं. मला त्या वेळी वाटलं, हे आता सांगतील की चहात साखर कमी आहे.

"तो फोन," मनोहरराव म्हणाले, "तुम्ही लावा. बोलतो मी."

श्यामलाताईंनी आपट्यांचा नंबर लावला, "श्यामला प्रधान बोलतेय कोलकात्याहून, एक जण बोलायचं म्हणतात," असं म्हणून मोबाइल पुढं केला. मनोहररावांनी तो दोन्ही हातांनी धरला.

"नमस्कार. मी मनोहर देवस्थळी, केयूरचा बाप. यांनी तुम्हाला माझ्याबद्दल जे सांगितलं ना, ते बरोबर होतं. मी त्यांच्यावर दावा लावला. तो लावायला नको होता. त्याच्या आधीचंही पुष्कळ आहे, ते इथं लिहून झालंय." ते थांबले. श्यामलाताई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, जे पर्समध्ये नव्हतं. "कोजागिरीचं तर फारच," ते म्हणाले, आणि हे सांगलीला कळण्यासारखं नव्हतंच. "माझं चुकलं."

पलीकडे आपटे काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं नाही. मनोहरराव "हो, हो" म्हणत राहिले. मग त्यांनी मोबाइल परत केला. "पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवतो म्हणाले," त्यांनी केयूरला सांगितलं. केयूर तोवर लांब जाऊन फोनवर बोलत होता, आणि तो फोन पुण्याचा होता हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

लाहिरीबाबू काळा कोट हातावर टाकून बाहेर आले. दावा मागं घ्यायचाय म्हटल्यावर त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. पुढच्या तारखेला अर्ज देऊ म्हणाले. "तोवर कागद तसेच राहू देत?"

"राहू देत," मनोहरराव म्हणाले. मग आठवल्यासारखं करून त्यांनी त्यांची बाही धरली. "फक्त ते सहलीचं काढून टाकता येईल का बघा. सगळं कबूल आहे मला, पण ते स्टेशन बरोबर होतं. नदी तिथूनच जवळ."

श्यामलाताई माझ्याकडे वळल्या. "दामले, हे सांगलीला कळवायचं का हो?"

मी म्हटलं, "अक्षता पडल्यावर कळवा."